खिशातली किल्ली, घरातली किल्ली

भिवंडीत यंत्रमागांची पाळी बदलते, रात्रभर खडखडाट ऐकून बाहेर पडलेला कामगार आणि दिवसपाळीसाठी गल्लीत शिरणारा कामगार एकमेकांना ओलांडून जातात, आणि अंजूर फाट्यापासून वंजारपट्टी नाक्यापर्यंतच्या रस्त्यांवर दुचाकींचा लोंढा वाहू लागतो, तेव्हा त्या साऱ्या वर्दळीच्या मुळाशी एक साधी क्रिया असते: खिशात हात घालून किल्ली काढणे आणि ती कुलपात फिरवणे. अलीकडे ही क्रिया निम्म्यावर येऊ लागली आहे. किल्ली खिशातच राहते, हात फक्त गाडीच्या कळीला लागतो, आणि गाडी आपल्या धन्याला ओळखून जागी होते. ही सोय मोलाची आहे. परंतु जी वस्तू दिवसभर हातात येत नाही, तिची राखण मनानेच करावी लागते, आणि हा नवा वळसा आपल्या अंगवळणी अजून पडलेला नाही.

कुलूप हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि चावी हा पोर्तुगिजांकडून, ज्यांचा अंमल येथून खाडीच्या मुखाशी असलेल्या वसईवर 1739 पर्यंत होता. शब्द कोठूनही येवोत, किल्लीचा अर्थ आपल्या घरांत एकच राहिला, तो म्हणजे अधिकार. सासूच्या कमरेचा जुडगा सुनेच्या कमरेला गेला की घराचा कारभार बदलला, हे कोणी निराळे सांगावे लागत नसे. दुचाकीच्या किल्लीतही हाच अधिकार धातूच्या दात्यांत कोरलेला होता, आणि म्हणूनच तो डोळ्यांना दिसत असे. पदपथावर पेटी मांडून बसलेला चावीवाला ते दाते निरखून, कोऱ्या चावीवर कानस फिरवून, थोड्या वेळात दुसरी चावी हाती ठेवत असे.

नव्या किल्लीतला अधिकार असा कानशीने उतरत नाही. वाहनातील अँटेना सुमारे 125 किलोहर्ट्झच्या मंद लहरींवर हाक देते. ही हाक फार दूर पोहोचत नाही, आणि तेच तिचे प्रयोजन आहे. जवळ असलेली किल्ली ती ऐकून, शेकडो मेगाहर्ट्झच्या निराळ्या लहरींवर, सांकेतिक गणित सोडवून उत्तर देते. उत्तर बरोबर निघाले तरच इंजिनाच्या नियंत्रकाला परवानगी मिळते. कावासाकीने 2007 मध्ये आपल्या 1400 जीटीआर या मोठ्या मोटारसायकलीवर ही व्यवस्था आणली. जानेवारी 2020 मध्ये बजाजची चेतक विजेवर चालणारी होऊन परतली तेव्हा तिच्यातही किल्ली फिरवण्याचे काम उरले नव्हते. आणि जानेवारी 2023 मध्ये होंडाच्या ॲक्टिव्हाला सुमारे दोन मीटरांत ओळख पटवणारी स्मार्ट की मिळाल्यावर ही चैनीची वस्तू मध्यमवर्गाच्या दाराशी येऊन पोहोचली.

आता या सोयीच्या उलट्या बाजूकडे पाहू. समजा, पती गाडी चालवीत आहे आणि किल्ली मागे बसलेल्या पत्नीच्या पर्समध्ये आहे. ती कल्याण नाक्यावर उतरते, तो तसाच माणकोलीच्या गोदामाकडे निघून जातो. इंजिन वाटेत बंद पडत नाही, कारण धावते वाहन मध्येच थांबवणे अधिक घातक ठरेल, म्हणून रचनाकारांनी तशी तजवीज केलेली असते. संकट उभे राहते ते गोदामाशी गाडी बंद केल्यानंतर. म्हणून निघताना ‘किल्ली कोणाकडे?’ हा प्रश्न तोंडाने विचारण्याची सवय घरातल्या प्रत्येकाने लावून घ्यावी.

दुसरी अडचण विजेची. किल्लीत बहुधा सीआर 2032 जातीचा, तीन व्होल्टांचा सपाट सेल असतो. त्या अंकांतच 20 मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी सांगितलेली आहे. तो क्षीण झाल्याचा इशारा मिळताच बदलावा, आणि जुना सेल लहान मुलांच्या हाती कदापि पडू देऊ नये, कारण असा सेल गिळला गेल्यास अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होते. गाडीची बॅटरीही ऐकण्यासाठी थोडीथोडी खर्च होत राहते. गणपतीला कोकणात किंवा उन्हाळ्यात मुलुखाला महिनाभर जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात किल्ली रेनकोटाच्या वरच्या खिशात न ठेवता आतल्या कोरड्या खिशात, लहान प्लास्टिकच्या पिशवीत असावी.

परंतु खरा विचार व्हायला हवा तो दुसऱ्या किल्लीचा. ती डिकीत टाकणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच टांगणे होय. गाडीला किल्ली जवळच आहे असे वाटत राहील आणि कोणाही इसमाला ती नेता येईल. दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात ओवल्या तर एका हरवण्यात दोन्ही हरवतात. चोरी झालीच तर विमा कंपन्या दाव्याच्या वेळी सहसा दोन्ही मूळ किल्ल्या मागतात, आणि एक कमी असल्यास दाव्यावर शंकेची छाया पडते. ट्रकमध्ये किल्ली राहिली असताना तो चोरीस गेल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये संपूर्ण दावा नाकारणे अयोग्य ठरवले, तरी 75 टक्केच रक्कम मंजूर केली. निष्काळजीपणाची किंमत चौथाई ठरली. म्हणून दुसरी किल्ली नोंदणीपत्र आणि विम्याची पॉलिसी यांच्या शेजारी, दस्तऐवजाच्या मानाने, घरात ठेवावी. जुनी गाडी घेणाऱ्याने दोन्ही किल्ल्या मोजून घ्याव्यात. आणि एक हरवली तर पोलिसांत नोंद करून, अधिकृत केंद्रातून गाडीच्या स्मरणातून तिची ओळख पुसून घ्यावी. ही शेवटची सोय धातूच्या किल्लीला नव्हती. तेथे सगळे कुलूपच बदलावे लागे.

बऱ्याच गाड्यांत किल्लीचा सेल मेला असता ती ठरावीक जागी टेकवून, किंवा सोबत दिलेला ओळखक्रमांक कळ दाबून भरून, वाहन सुरू करण्याचा आपत्कालीन मार्ग दिलेला असतो. तो पुस्तिकेत असतो आणि पुस्तिका कपाटात असते. येत्या रविवारी, दिवसाउजेडी, अंगणात किंवा इमारतीच्या तळाशी उभे राहून घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याने तो मार्ग एकदा स्वहस्ते करून पाहावा आणि ओळखक्रमांक घरच्या विश्वासू माणसाजवळ लिहून ठेवावा. कारण पावसाळी रात्री, नाशिक महामार्गावर, कंटेनरांच्या दिव्यांखाली उभे राहिल्यावर पुस्तिका वाचायला वेळ नसतो, आणि तेव्हा दूरध्वनीच्या पलीकडे दुसरी किल्ली कोठे आहे हे ठाऊक असलेले माणूस असणे, हीच मोठी सोय ठरते.