चिमणी घेण्याआधी भिंत बघा

धुळे-सोलापूर महामार्गाने बीडहून दक्षिणेला निघालं आणि मांजरसुंबा मागे टाकलं की बालाघाटाच्या माथ्यावर चौसाळा लागतं. महामार्गालगतच्या अशा मोठ्या गावांत एकाच जागेत तीन काळांची स्वयंपाकघरं नांदताना दिसतात. मागच्या अंगाला दगडमातीचं माळवद, त्याच्या मधोमध उजेड यायला आणि धूर जायला ठेवलेलं सानं. मध्ये पत्र्याची खोली. आणि रस्त्याच्या बाजूला नवा स्लॅब, त्यात ग्रॅनाइटचा ओटा. आता या ओट्यावर चिमणी येते आहे. दुकानात तिच्याबद्दल पहिला प्रश्न असतो ‘ओढ किती?’, दुसरा ‘ऑटोक्लीन आहे का?’ आणि तिसरा किमतीचा. नळी कुठून निघणार आणि कुठे उघडणार, हा प्रश्न बसवायला माणूस दारात आला की निघतो. तोवर टाइल लागून, रंग होऊन गेलेला असतो. हा क्रमच उलटा आहे. चिमणी किती काम करील आणि किती सुरक्षित राहील, यात यंत्राचा वाटा थोडा. भिंतीतलं भोक, त्यातून जाणारी नळी आणि समोरची उघडी खिडकी यांचा फार मोठा. नळी बाहेर काढायची सोयच नसेल तर गॅसच्या शेगडीवर चिमणी घेऊ नये, इथपर्यंत माझं म्हणणं आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: गॅसला कुठे धूर असतो? चुलीसारखा डोळ्यांत जाणारा धूर नसतो, हे खरं. पण जळणं म्हणजे काहीतरी तयार होणंच. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून थोडी जास्त पाण्याची वाफ आणि तीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे घरातला १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत जवळपास २२ लिटर पाणी वाफेच्या रूपात त्या खोलीत सोडून जातो. भाताची, वरणाची वाफ वेगळी. पावसाळ्यात ओट्यावरच्या कपाटांना बुरशी का येते, याचं निम्मं उत्तर इथे आहे. ज्योतीच्या उष्णतेने हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन डायऑक्साइड बनतो; दम्याच्या माणसाला तो बाधतो. ज्योत पिवळी असेल, बर्नरची भोकं पिठाने बुजली असतील, तर कार्बन मोनॉक्साइडही निघतो. शिवाय तळण. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने कडक तापलेल्या तेलात तळताना उठणाऱ्या वाफा ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवल्या आहेत. घरातल्या लाकूडफाट्याचा धूरही त्याच गटात आहे. चूल गेली म्हणून सगळं संपलं नाही.

आता ज्या चिमणीला नळीच लागत नाही, तिच्याकडे पाहू. भाड्याचं घर, भिंत फोडायला मालकाची ना, फर्निचर बिघडण्याची भीती, अशा वेळी दुकानदार ही सोय पुढे करतो. ती हवा ओढते, जाळी आणि कोळशाच्या थरातून नेते आणि परत त्याच खोलीत सोडते. तेलाचा काही अंश जाळीत अडकतो, फोडणीचा वास कोळसा काही दिवस धरतो. पण वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड त्या कोळशाला दाद देत नाहीत. ते जसेच्या तसे परत येतात. धोका असा की वास कमी झाल्यामुळे हवा स्वच्छ झाल्यासारखं वाटतं आणि माणूस खिडकी लावून घेतो. त्यापेक्षा खिडकीच्या वरच्या तावदानात बसवलेला साधा एक्झॉस्ट पंखा बरा. तो निदान घाण हवा घराबाहेर टाकतो.

नळीच्या चिमणीतही आकड्यांनी फसायला होतं. ‘बाराशेची ओढ’ म्हणजे तासाला १,२०० घनमीटर हवा. दहा बाय आठ फुटांचं, दहा फूट उंच स्वयंपाकघर सुमारे २३ घनमीटरचं. म्हणजे जाहिरात खरी धरली तर सव्वा मिनिटाच्या आत खोलीतली सगळी हवा बदलायला हवी. एवढी हवा आत येणार कुठून? अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी घरांत प्रत्यक्ष बसवलेल्या १५ यंत्रांची मोजणी केली, तेव्हा त्यांतल्या १० यंत्रांची खरी ओढ छापील आकड्याच्या ७० टक्के किंवा त्याहूनही कमी निघाली. त्याच अभ्यासात आणखी मोलाच्या गोष्टी दिसल्या. खालून सपाट असलेली यंत्रं धूर कमी पकडतात, खोलगट तोंडाची जास्त. पुढच्या बर्नरचा धूर बराचसा निसटतो, मागच्या बर्नरचा बराचसा पकडला जातो. आणि पुढच्या बर्नरवरचा तीन चतुर्थांश धूर पकडायला तासाला साधारण ३४० घनमीटर ओढ लागते. ती असूनही तोंडाचा आकार आणि जागा चुकली तर भागत नाही. बाराशे-चौदाशेच्या मागे धावण्यात अर्थ नाही, हे एवढ्यावरून कळावं. आपल्या दोन बर्नरच्या शेगडीला मागचा बर्नर नसतो; पण शेगडी ओट्याच्या कडेला न ठेवता भिंतीकडे सरकवता येते, फक्त गॅसची रबरी नळी शेगडीखालून किंवा ज्योतीजवळून जाता कामा नये. चिमणीचं तोंड शेगडीइतकं रुंद हवं. गॅसवर उंची साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर. त्याहून खाली आणली तर यंत्र तापतं, फार वर नेली तर धूर आधीच पसरलेला असतो. पक्का आकडा यंत्रासोबतच्या पुस्तिकेत असतो, तोच प्रमाण मानावा.

मग छापील ओढ जाते कुठे? नळीत. वेगाने जाणाऱ्या हवेला नळीचा अडथळा व्यासाच्या पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात वाढतो. यंत्राचं तोंड सहा इंची आणि भोक लहान पडलं म्हणून चार इंची नळी जोडली, तर तेवढीच हवा ढकलायला सुमारे साडेसातपट दाब लागेल. तेवढा दाब ती मोटार देऊ शकत नाही. मग हवा घटते, आवाज वाढतो आणि घरातले म्हणतात की कंपनीच खराब. पाच एचपीच्या मोटारीला पाऊण इंची पाइप जोडून विहिरीला दोष देण्यातलाच हा प्रकार. काटकोनी वळणं अशीच महागात पडतात. चुण्यांची लवचीक अॅल्युमिनियम नळी स्वस्त आणि सोयीची म्हणून सर्रास वापरली जाते. तिची प्रत्येक चुणी हवेला अडवते आणि तेलाला धरून ठेवते. वापरायचीच तर पूर्ण ताणून, जादाचा तुकडा कापून, शक्य तितकी छोटी. वर लॉफ्टमध्ये गुंडाळी करून ठेवलेली नळी ही नुसती तेलाची साठवण असते. सरळ जायचं असेल तिथे गुळगुळीत पत्र्याची कडक नळी उत्तम. प्लंबरकडे असतो म्हणून पीव्हीसीचा पाइप जोडणं चालू आहे; पण पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि पेटलं तर हायड्रोजन क्लोराइडचा जळजळीत धूर सोडतं. तेलकट वाफ वाहणाऱ्या नळीसाठी ते मला पटत नाही. जोड अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करावेत, साध्या सेलोटेपने नव्हे, आणि नळीला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यावा, म्हणजे आत साचलेलं पाणी यंत्रात उलटं येत नाही.

भिंतीचा प्रश्न घराप्रमाणे बदलतो. विटांच्या पक्क्या भिंतीत कोअर कटिंगच्या मशीनने स्वच्छ गोल भोक पडतं; छिन्नी-हातोड्याने फोडलेलं भोक लहान तरी होतं नाहीतर टाइल तडकवतं. स्लॅबच्या घरात तुळई आणि कॉलमला हात लावायचा नाही, हे सांगावं लागू नये, पण लागतं. चार इंची आडभिंतीवर पंधरा-वीस किलोचं यंत्र टांगताना खिळ्यांवर नव्हे, पोलादी अँकरवर टांगावं. दगडमातीच्या जुन्या भिंतीत मात्र भोक पाडायच्या भानगडीत पडूच नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने मातीत रचलेल्या दगडी भिंती कशा ढासळतात ते मराठवाड्याला दाखवलं आहे. दोन फूट जाडीतला एक दगड हलवला की आजूबाजूचे चार सुटतात. तिथे खिडकीचं एक तावदान काढून त्या जागी पत्रा बसवावा आणि त्यातून नळी काढावी. पत्र्याच्या खोलीत नळी छतातून वर नेता येते, टोकाला पावसाची टोपी हवी. बाहेरचं तोंड जमल्यास पश्चिमेला नसावं. माथ्यावरचा पावसाळी वारा तिकडूनच येतो आणि ओढलेली हवा मागे लोटतो. तोंडाशी हवा जाताना उघडणारी, एरवी बंद राहणारी झडप असावी. वारा, पाखरं, उंदीर सगळ्यांचा बंदोबस्त होतो. बारीक जाळी लावली तर ती तेलाने दोन महिन्यांत बुजते. आणि ते तोंड शेजाऱ्याच्या खिडकीत, जिन्यात किंवा माळ्यावर उघडू नये.

आता खिडकी. चिमणी जेवढी हवा बाहेर टाकते, तेवढी कुठूनतरी आत यावीच लागते. दारं-खिडक्या बंद असतील तर ती न्हाणीघरातून, फटींतून, मोरीच्या पाइपातून ओढली जाते. न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू असेल तर त्याचा कार्बन मोनॉक्साइड घरात खेचला जाऊ शकतो, आणि या वायूला ना वास ना रंग. म्हणूनच चिमण्यांच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं की त्याच घरात ज्वलनावर चालणारं दुसरं उपकरण सुरू असताना खोलीतला उणा दाब ४ पास्कलपेक्षा जास्त होऊ देऊ नये. ४ पास्कल मोजायचं साधन घरी नसतं, पण उदबत्ती असते. चिमणी पूर्ण वेगात लावा, दारं-खिडक्या लावा आणि पेटती उदबत्ती न्हाणीघराच्या दाराच्या फटीशी धरा. धूर जोरात स्वयंपाकघराकडे खेचला गेला तर समजा की हवा चुकीच्या वाटेने येते आहे. मग शेगडीच्या समोरच्या बाजूची खिडकी हातभर उघडा आणि पुन्हा बघा. ओट्यालगतची उघडू नका; तिचा झोत धूर चिमणीच्या तोंडाखालून पळवतो. चूल वापरात असेल तर तिला मागची खोली किंवा पडवीच बरी. पऱ्हाट्यांचा जाळ आणि ठिणग्या विजेच्या चिमणीखाली चालत नाहीत. त्या यंत्रांना लाकडाच्या जाळावर बसवायची मनाईच असते.

‘एवढं बसवलं की काम झालं’ असं मानणाऱ्यांसाठी ओडिशातला एक अभ्यास आहे. रीमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी सुमारे २,६०० कुटुंबांत धुराड्याच्या सुधारित चुलींचा चार वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षी घरातल्या माणसांच्या अंगात जाणारा धूर कमी झाला; पुढे तो फरक उरला नाही. चुली दुरुस्त झाल्या नाहीत, वापरही तुटक राहिला. चूल वेगळी आणि विजेचं यंत्र वेगळं, असं म्हणता येईल. पण साफ न होणारं धुराडं दोन्हीकडे सारखंच निरुपयोगी. आपल्याकडे त्यात ज्वारीच्या पिठाची भर पडते. भाकरी थापताना उडालेलं पीठ तेलकट जाळीवर बसून त्याचा घट्ट लेप होतो आणि तो गरम पाण्यात सोड्याने घासल्याशिवाय निघत नाही. ऑटोक्लीनचं बटण आतलं तेल तापवून खालच्या वाटीत उतरवतं. नळीतलं तेल त्याने निघत नाही, आणि वाटी रिकामी करायला माणूसच लागतो. हे तेल म्हणजे इंधन आहे. खाण्याचं तेल साडेतीनशे अंशांच्या पुढेमागे आपोआप पेटतं; कढई पेटली आणि चिमणी चालू असली तर ज्वाळा थेट जाळीत जाते. अशा वेळी गॅस बंद, चिमणी बंद, कढईवर झाकण; पाणी कधीही नाही. महामार्गावरच्या धाब्यांत आणि भज्यांच्या दुकानांत दिवसभर तळण चालतं. त्यांच्या नळ्या घरच्या वेळापत्रकाने साफ करून भागत नाही.

विजेचं थोडक्यात. प्लग शेगडीच्या डोक्यावर नको, बाजूला हवा. अर्थिंग तपासून घ्या. लाइट गेली की चिमणी नुसतं कपाट होते, हा आक्षेप बरोबरच आहे आणि तो खिडकीच्याच बाजूने बोलतो. आणि गॅसचा वास आला तर चिमणी लावून वास घालवायला जाऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साठतो. वरची चिमणी त्याला काढत नाही आणि बटणाची ठिणगी पुरेशी होते. कोणतंही बटण न दाबता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

राहिला खर्चाचा मुद्दा. कोअर कटिंग, कडक नळी, टोपी यांचे पैसे वेगळे पडतात आणि ते जड वाटतात. तर मग यंत्र एक पायरी खालचं घ्या, नळी मात्र टाळू नका. ज्यांचं बांधकाम सुरू आहे त्यांना हा प्रश्न जवळपास फुकटात सुटतो: प्लॅस्टरच्या आधी मिस्त्रीला सांगा, शेगडीच्या बरोबर वर, डोक्याच्या उंचीपेक्षा फूटभर वर, बाहेरच्या भिंतीत सहा इंची नळी सहज जाईल असं पत्र्याचं नळकांडं बाहेरच्या बाजूला थोड्या उताराने बसवून दोन्ही तोंडं झाकून ठेव. चिमणी पुढच्या दिवाळीला घेतली तरी चालेल.