लाल डोळा: थांबायचं की धावायचं?

मराठीत ‘डोळे येणे’ असा एक गमतीदार वाक्प्रचार आहे. डोळे तर जन्मापासूनच असतात, मग ते येतात कुठून? ‘माझे डोळे आलेत’ म्हणजे डोळे लाल झालेत, चिकटतायत, त्यांतून पाणी येतंय. हा संसर्ग डोळ्याच्या बाहेरच्या पातळ आवरणाला होतो. त्रास होतो, पण बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत तो बरा होतो.

आज आपण एका वेगळ्या आजाराबद्दल वाचणार आहोत. यातही डोळा लाल होतो, पण जंतू डोळ्याच्या आत शिरलेले असतात. डॉक्टर याला ‘एंडोफ्थाल्मायटिस’ म्हणतात. हा आजार फार थोड्या लोकांना होतो. पण झाला आणि उपचाराला उशीर केला, तर नजर कायमची जाऊ शकते.

जंतू आत जातात कसे?

डोळा म्हणजे एक बंद गोळा. त्यात भिंगाच्या मागे जेलीसारखा पारदर्शक पदार्थ भरलेला असतो. तिथे रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे जंतूंशी लढणाऱ्या पेशी पोहोचायला वेळ लागतो. तोपर्यंत जंतू भराभर वाढतात.

पण आत जायला वाट हवी ना? मोतीबिंदूचं ऑपरेशन, डोळ्यात दिलेलं इंजेक्शन किंवा टोकदार वस्तूने झालेली जखम यांमुळे ती वाट मिळते. कधी कधी शरीरातला दुसरीकडचा संसर्गही रक्तातून डोळ्यात पोहोचतो. आश्चर्य म्हणजे, ऑपरेशननंतर त्रास देणारे जंतू पुष्कळदा रुग्णाच्याच पापण्यांवर राहणारे असतात!

गोळी का चालत नाही?

तुम्हाला वाटेल, अँटिबायोटिकची गोळी घेतली की झालं. पण तसं नाही. मी आयटीत काम करतो, म्हणून आमच्या भाषेत सांगतो: रक्त आणि डोळ्याचा आतला भाग यांच्यामध्ये एक ‘फायरवॉल’ असते. ती डोळ्याचं रक्षण करते, पण त्याच वेळी बरीचशी औषधंही बाहेरच अडवते.

म्हणून डॉक्टर डोळा बधिर करतात, आतल्या द्रवाचा छोटासा नमुना तपासणीसाठी घेतात आणि बारीक सुईने औषध थेट डोळ्याच्या आत सोडतात. जंतू कोणता आहे, हे कळायला एक-दोन दिवस तरी लागतात. तेवढं थांबणं परवडत नाही. म्हणून व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिम ही दोन औषधं सहसा एकत्र देतात. एक सुटला तर दुसऱ्याने पकडावा, असा हिशोब.

संसर्ग फार वाढला असेल, तर ऑपरेशन करून आतली जेली काढावी लागते. १९९५ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हा आजार झालेले ४२० रुग्ण होते. ज्यांना फक्त उजेड आहे की नाही एवढंच कळत होतं, त्यांना असं ऑपरेशन लगेच केल्याचा स्पष्ट फायदा झाला.

आधीच काळजी

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर डोळ्यात पोव्हिडोन आयोडिनचे थेंब टाकतात. जखमेवर लावतात ना, तेच तपकिरी औषध, पण डोळ्यासाठी पातळ केलेलं. (हे घरी करायचं नाही, बरं का!)

तमिळनाडूत मदुराईला सुरू झालेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने आणखी एक उपाय केला. मोतीबिंदूचं ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिन हे औषध सोडायचं. सहा लाखांहून जास्त ऑपरेशनांची माहिती त्यांनी २०१७ मध्ये मांडली. आधी १०,००० डोळ्यांमागे सुमारे ७ डोळ्यांना हा संसर्ग होत होता, तो २ वर आला.

तुम्ही काय करू शकता?

• भारतातल्या आजी-आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर व्हिडिओ कॉलवर नुसतं ‘बरे आहात ना?’ विचारू नका. ‘डोळा दुखतोय का? कालच्यापेक्षा कमी दिसतंय का? लाली वाढली का?’ असं विचारा.
• उत्तर ‘हो’ आलं, तर त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगा. ‘उगाच कशाला त्रास, उद्या बघू’ हे ऐकायचं नाही.
• थेंब टाकण्याआधी हात साबणाने धुवायचे. बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही.
• डोळ्यात काही घुसलं, तर ते ओढू नका, डोळा चोळू नका, धुऊ नका. डोळ्यावर दाब न देता कागदी कपाने तो झाका आणि लगेच हॉस्पिटलमध्ये जा.

शब्दार्थ
संसर्ग – जंतूंमुळे होणारी लागण
मोतीबिंदू – डोळ्याचं भिंग धुरकट होणं
बधिर करणे – दुखणं जाणवू नये असं करणे
नजर – दिसण्याची शक्ती

विचार करा आणि लिहा
१. ‘डोळे येणे’ आणि डोळ्याच्या आतला संसर्ग यांत काय फरक आहे?
२. डॉक्टर औषध थेट डोळ्याच्या आत का सोडतात?
३. ऑपरेशन झालेल्या आजीला फोनवर विचारायचे तीन प्रश्न तुमच्या शब्दांत लिहा.