गच्चीवरचे गज

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने कुणी केली, तो बँकेत नोकरीला नसावा. असता, तर 'कर्ज पाहावे काढून' हे शेपूट त्याने तिला नक्की जोडले असते. माझी तर गत उलटीच. लग्न वेळेवर झाले, दुसऱ्यांना घरासाठी कर्जे जन्मभर दिली, आणि स्वतःचे घर बांधायला मात्र साठी उलटावी लागली.

पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतून मी शाखा सांभाळल्या. घरकर्जाची फाइल समोर आली की त्यात काय काय असायचे ते अजून तोंडपाठ आहे. सातबारा, बिनशेतीचा आदेश, वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, इंजिनिअरचे अंदाजपत्रक आणि मंजूर नकाशा. असे किती नकाशे माझ्या टेबलावरून गेले असतील, त्याची गणती नाही. पण मी नकाशा पाहायचो म्हणजे काय? तर शिक्का, सही, तारीख आणि चौरस फुटांचा गुणाकार. या खोलीत कोण राहणार, ती बाई दिवसभर कुठे उभी असणार, हे प्रश्न बँकेच्या छापील अर्जात नव्हते. त्यामुळे ते मलाही कधी पडले नाहीत.

कर्जाचा हप्ता बांधकाम जसजसे वर येईल तसतसा सोडायचा असतो. जोते झाले की एक, स्लॅब पडला की दुसरा. तेव्हा पाहणीसाठी मी शिडीवरून गच्चीवर चढायचो. जवळजवळ प्रत्येक गच्चीवर एक दृश्य ठरलेले असे. खांबांच्या डोक्यातून दोन-तीन फूट वर आलेले लोखंडी गज. ''हे कशाला ठेवलेत?'' असे विचारले की घरमालक हसून म्हणायचा, ''पोरं मोठी झाली की वर माडी चढवायची, साहेब.'' पुढे दहा-बारा वर्षांनी कधी त्या गावावरून एसटीने जाणे झाले, तर ते गज तिथेच दिसायचे. तांबेरलेले, त्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली. पोरे पुण्याला, नाहीतर त्याही पलीकडे. मी ते पाहायचो आणि विसरून जायचो. कर्ज फिटलेले असायचे, मग बँकेचा काय संबंध?

निवृत्तीनंतर आम्ही वाईजवळ चार गुंठे जागा घेतली. ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड यांच्या हिशेबात बसेल एवढेच घर बांधायचे होते, आणि ते चुकले तर दुसरे बांधायला ना पैसा होता, ना वय. आलेखाच्या कागदावर मी स्वतःच नकाशा काढला. पूर्वेला, सकाळचे कोवळे ऊन येईल अशी माझी लिहिण्याची खोली. समोर बैठकीची खोली. मागे पश्चिमेला स्वयंपाकघर. आणि वर मुलासाठी एक खोली, स्वतंत्र न्हाणीघरासह. कादंबरीचा आराखडाही मी इतक्या निगुतीने कधी केला नव्हता.

वास्तुरचनाकार म्हणून आम्हाला भेटली ती माझ्या मुलापेक्षाही लहान मुलगी. तिने माझा कागद पाहिला, नीट घडी घालून बाजूला ठेवला आणि म्हणाली, ''काका, काकू, आठ दिवस दोघांनी वेगवेगळ्या वहीत लिहायचं. घरात कुठल्या वेळी कुठे असता, उभे की बसलेले, आणि तिथे उजेड कुठून येतो. एकमेकांची वही बघायची नाही.''

शाळकरी पोरांसारख्या आम्ही वह्या भरल्या. नवव्या दिवशी तिने बेरीज मांडली. मी लिहायला बसत होतो तो वेळ रोज सरासरी पावणेदोन तास. माझी पत्नी स्वयंपाकघरात असे तो वेळ सहा तासांहून अधिक, त्यातला बहुतेक उभ्याने. उजेडाच्या रकान्यात तिने आठही दिवस एकच शब्द लिहिला होता. 'ट्यूबलाइट'.

मुलगी काही बोलली नाही. पत्नी मात्र बोलली. ''बदल्यांच्या नोकरीत आपण नऊ घरांत राहिलो. नऊही ओटे दुसऱ्याच्या उंचीचे होते. हे दहावं.'' आवाज चढलेला नव्हता. मला ती चिडली असती तर बरे वाटले असते. माझ्या कादंबऱ्यांतल्या बायका खिडकीशी उभ्या राहून पुष्कळ विचार करतात, वाचकांनी त्याचे कौतुकही केले आहे. घरातली खिडकी मात्र मी माझ्या टेबलासमोर काढून ठेवली होती.

नकाशे काढणाऱ्यांची ही खोड जुनीच आहे. आपण वाड्यांच्या आठवणी काढतो. वाईशेजारी मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, तो पाहताना मीही हरखून जातो. पण आपल्या साध्या वाड्यांत ओसरी, सोपा ही उजेडाची जागा पुरुषांची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची असे, आणि बायकांचा दिवस सरायचा तो काळोख्या माजघरात. आजच्या राष्ट्रीय इमारत संहितेतही राहायला एकच खोली असेल तर ती किमान साडेनऊ चौरस मीटरची हवी. जेवणाची जागा वेगळी असली तर स्वयंपाकघर मात्र पाच चौरस मीटरचे चालते. नियम किमान मापाचा असतो, हे खरे. पण बांधणारा बहुधा किमान मापालाच नियम समजतो.

खोल्यांची अदलाबदल झाली. स्वयंपाकघर पूर्वेला आले. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात दुपारभर तापते आणि ती ऊब रात्रीपर्यंत आत सोडत राहते. तिथे जिना, न्हाणीघर आणि सामानाची खोली गेली. ओट्याचे माप पत्नीला उभे करून घेतले. कोपर वाकवायचे आणि त्याच्या चार-पाच इंच खाली ओटा. तो एकतीस इंच ठरला. आजवर ती चौतीस इंचांवर पोळ्या लाटत आली होती. तीन इंच म्हणजे किती? तिच्या खांद्याला विचारा.

आमची जमीन काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या भिंतींना तडे पाडते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावे लागले. जो पैसा कुणाला दिसणार नाही तो असा आधी जमिनीत गेला. त्याआधी आखणी झाली. गवंड्याने दोरी धरून फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या. त्या रेघांत घर एवढेसे दिसले की मी हबकलो. ''सगळ्यांनाच तसं वाटतं, साहेब. भिंती उठल्या की मोठं दिसतं,'' गवंडी म्हणाला. पत्नी फक्कीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. डावीकडे गॅस, उजवीकडे मोरी, असे हवेत हात फिरवून तिने पाहिले आणि पाण्याची जागा फूटभर सरकवायला सांगितली. ते तेव्हा फुकटात झाले. भिंत उठल्यावर त्याच फूटभराचे पैसे पडले असते.

राहिली वरची खोली. मुलगा बारा वर्षे परदेशात आहे. नकाशा त्याला पाठवला, तर दोन दिवसांनी फोन आला. ''बाबा, माझ्यासाठी खोली बांधू नका. मी येईन, दर वर्षी येईन, हॉलमध्ये झोपेन. पण ती खोली तुम्ही रोज झाडणार आणि आई रोज बघणार.'' पत्नी दोन दिवस माझ्याशी फारसे बोलली नाही, जणू फोन मीच केला होता. मग मी मधला मार्ग काढला. खोली आता नको. पण पाया आणि खांब वरचा मजला पेलतील असे करू, गज वर ठेवू. पुढचे पुढे.

म्हणजे जे गज मी उभी हयात दुसऱ्यांच्या गच्च्यांवर पाहिले, तेच मी मागत होतो.

त्या मुलीने हिशेब समोर ठेवला. वरच्या मजल्यासाठी पाया-खांब जाड करायचे तर खर्च आजच होणार. आणि उघडे गज गंजतात, गंजलेले लोखंड फुगते, त्याने खांबाच्या माथ्याचे काँक्रीट फुटू लागते. ''बांधणार असाल तर ठेवा. नाहीतर ते घराला आतून खातात.''

बाळकृष्ण दोशींचे नाव तिच्याच तोंडून निघाले. पुण्यात १९२७ साली जन्मलेल्या या माणसाला २०१८ मध्ये प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले, आणि आमचे जोते भरत असतानाच, जानेवारी २०२३ मध्ये, ते गेले. इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी गरीब कुटुंबांना जोते आणि पाणी-संडासाची सोय असलेला गाभा दिला. ऐपतीप्रमाणे त्यांनी घर वाढवत न्यायचे. चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला घरे आखली, तीही अशीच वाढू शकणारी, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत न लावता. थोर काम. त्या घरांत मुले वाढणार होती. आमच्या घरात आता कुणी वाढायचे नव्हते. कुटुंब आकसत जाते तेव्हा घर कसे असावे, हे मला कुणी शिकवले नव्हते. मी ज्यांना कर्जे दिली, त्यांनाही नसावे.

निर्णय पत्नीने घेतला. ''गज नकोत,'' एवढेच.

घर होऊन आता पहिली हौस ओसरली आहे. चुका आहेतच. सामानाच्या खोलीला हवा कमी, दाराशी पावसाची झड येते. २०२४ च्या दिवाळीत मुलगा, सून आणि नात आली. हॉलमध्ये गाद्या घातल्या. दोन रात्री मजेत गेल्या. तिसऱ्या दिवशी ती तिघे उरलेल्या मुक्कामासाठी पाचगणीला हॉटेलात गेली. कुणी काही बोलले नाही, पण मला ते लागले. त्या रात्री मी पत्नीला म्हटले, ''खोली बांधायला हवी होती का गं?'' ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ''चार रात्रींची अडचण मी सोसेन. वर्षभर कुलूप बघणं नाही.''

ते बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेले नाही. मी लिहितो जेवणाच्या टेबलावर, कारण तिथे सकाळचा उजेड चांगला येतो. उन्हाळ्यात ती गच्चीवर कुरडया घालते. गच्ची सपाट आहे, वाळवणाला काही आडवे येत नाही.