बिलिरुबीन आणि वृक्क
बिलिरुबीन हे जीर्ण तांबड्या रक्तकोशिकांतील हीमोग्लोबिनाच्या विघटनातून मुख्यतः तयार होणारे पिवळे रंगद्रव्य होय. रक्तरसातील त्याचे एकूण प्रमाण प्रौढांत सामान्यतः दर १०० मिलि.मध्ये सु. १.२ मिग्रॅ.पर्यंत असते. प्रारंभी ते पाण्यात अविद्राव्य असून अल्ब्युमीन या प्रथिनाशी बद्ध असल्याने मूत्रात उतरत नाही. यकृतात ग्लुकुरॉनिक अम्लाशी संयोग पावल्यावर ते विद्राव्य होते. पित्तमार्ग अडल्यास हे संयुग्मित बिलिरुबीन वृक्कांवाटे (मूत्रपिंडांवाटे) बाहेर पडून मूत्र गडद पिवळे होते.

बिलिरुबीन ऑक्सिडीकरणरोधक असल्याचे १९८७ मध्ये दाखविण्यात आले. प्रमाण किंचित अधिक असलेल्या प्रौढांत दीर्घकालीन वृक्कविकार कमी आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसून आले. तथापि त्यातील कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. झिल्बेअर यांनी १९०१ मध्ये वर्णन केलेल्या आनुवंशिक अवस्थेत असंयुग्मित बिलिरुबीन थोडे वाढते, उपवासाने व श्रमाने ते आणखी चढते; मात्र यकृत निरोगी असते. याउलट तीव्र काविळीत, विशेषतः प्रमाण २० मिग्रॅ.हून अधिक झाल्यास, पित्तद्रव्यांचे साचे वृक्कनलिकांत अडकून वृक्कांचे कार्य मंदावू शकते.

काही कारणे यकृत वा रक्त आणि वृक्क या दोहोंवर एकाच वेळी आघात करतात. पिंपरी-चिंचवड व चाकण या पुणे जिल्ह्यातील औद्योगिक पट्ट्यात वाहननिर्मिती व धातुकाम हे प्रमुख उद्योग आहेत. धातूवरील तेलकट मळ काढण्यासाठी पूर्वी सर्वत्र वापरात असलेले कार्बन टेट्राक्लोराइड यकृत व वृक्क या दोहोंस विषारी आहे. आर्सेनिकयुक्त धातूवर अम्लाची क्रिया झाल्यास निघणारा आर्सीन वायू तांबड्या कोशिका फोडतो. त्यामुळे कावीळ होते व वृक्के निकामी होऊ शकतात. तीव्र लेप्टोस्पायरोसिसातही हेच घडते. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर या रोगाची साथ उद्‌भवली होती. त्यावर उपयुक्त असलेल्या पेनिसिलिनाचे उत्पादन पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ मध्ये सुरू झाले होते.

वृक्कांची स्थिती क्रिअ‍ॅटिनीन व मूत्रातील अल्ब्युमीन यांवरून ठरवितात. परंतु बिलिरुबीन फार वाढले असता क्रिअ‍ॅटिनीन मोजण्याच्या रूढ रंगमापन पद्धतीत त्याचे मूल्य प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकते व वृक्कविकार झाकला जातो. म्हणून उपाशीपोटी केलेल्या तपासणीत बिलिरुबीन किंचित वाढलेले दिसले, एवढ्यावरून कामगारास अपात्र ठरविणे जसे अयोग्य, तसेच कावीळ झालेल्या कामगाराचे क्रिअ‍ॅटिनीन सामान्य आले म्हणून निश्चिंत राहणेही धोक्याचे ठरते.