कोथरूडचा समुद्र

बँकेत छत्तीस वर्षे काढली, त्यातली निम्मी कर्ज खात्यात. घरकर्जाचा अर्ज टेबलावर आला की आधी मूळ खरेदीखत, मग इंडेक्स टू, मग वकिलांचा सर्च रिपोर्ट, असा एकेक कागद उलगडून बघायची सवय. ‘साहेब, जरा लवकर करा’ असे जो म्हणेल, त्याची फाईल मी मुद्दाम दोनदा वाचत असे. अशा माणसाला कोण फसवणार? पण फसवले. गेल्या पावसाळ्यात, भर दुपारी, घरच्या आरामखुर्चीत बसलेलो असताना.

मुलीला पुण्यात नोकरी लागली होती. पंधरा दिवसांत हजर व्हायचे आणि आम्ही सांगलीत. मोबाईलवर जाहिराती चाळताना कोथरूडचा एक फ्लॅट दिसला. दोन बेडरूम, सगळे सामान, भाडे चौदा हजार. आसपासच्या तसल्याच जागांची भाडी जवळजवळ दुप्पट होती. खरे तर इथेच शंका यायला हवी होती. मला मात्र वाटले, पोरीचे नशीब!

फोनवरचे गृहस्थ फार अदबीने बोलले. सैन्यात आहे, बदली जम्मूला झाली, जागा चांगल्या कुटुंबाकडे जावी एवढीच इच्छा. ओळखपत्राचा फोटोही आला. जागा बघायची तर सोसायटीच्या गेटपाससाठी पाच हजार, तेही परत मिळणारे. आणखी दोघे मागे लागलेत, तेव्हा संध्याकाळपर्यंत ठरवा. मी पैसे पाठवले. अर्ध्या तासाने एक क्यूआर कोड आला. ‘हा स्कॅन करून पिन टाका, तुमचे पाच हजार परत येतील.’

सौ. चहा घेऊन आली होती. ‘‘अहो, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?’’ तिने विचारले. मग फोटो पाहत म्हणाली, ‘‘आणि कोथरूडच्या खिडकीतून समुद्र कधीपासून दिसायला लागला?’’

मी चष्मा पुसून पाहिले. नारळाची झाडे होती, मागे निळी रेघ होती. कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या घराचे फोटो उचलले होते. आयुष्यभर कथा रचणाऱ्या माणसाला दुसऱ्याची रचलेली कथा ओळखता आली नाही. कारण तिचा शेवट मला हवा तसा होता.

खरी चूक त्यानंतर केली. ‘पोरीला सांगू नकोस’ म्हणालो आणि लाजेपोटी दोन दिवस गप्प बसलो. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा सरकारी क्रमांक आहे. त्यावर लगेच कळवले, तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते. मी तिसऱ्या दिवशी फोन केला, तोवर खाते रिकामे झाले होते. चोराला माझ्या भाबडेपणापेक्षा माझ्या लाजेचा उपयोग अधिक झाला.

म्हणून सांगतो, जागा पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. स्वतःला जाता येत नसेल तर नातेवाइकाला धाडा. वॉचमनला, सोसायटीच्या सेक्रेटरीला मालकाचे नाव विचारा. ते वीजबिलाशी, इंडेक्स टूशी जुळते का पाहा. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो बंधनकारक आहे. नव्या इमारतीत घर विकत घ्यायचे असेल, तर प्रकल्पाचा आणि दलालाचा असे दोन्ही महारेरा क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहा. विक्री करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे २०१६ चा रेरा कायदा सांगतो. ‘आज टोकन द्या, नाहीतर जागा गेली’ असे कोणी म्हणाले, तर खुशाल जाऊ द्या. खऱ्या मालकाला तुम्ही चार प्रश्न विचारल्याचा राग येत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे एसटीने पुण्याला गेलो. मुलीला सगळे सांगितले. ती हसली नाही. ‘‘बाबा, त्याच दिवशी सांगायचं ना,’’ एवढेच म्हणाली. दिवसभर पायपीट करून एक जागा पसंत केली. दलालाने एक महिन्याचे भाडे घेतले, पण न कुरकुरता सगळे कागद दाखवले. भाडेही चौदा हजारांच्या बरेच वर गेले.

सौ.ने आधी खिडकी उघडली. समोरच्या गॅलरीत कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या. ‘‘ही खरी,’’ ती म्हणाली.