मुठीचे आठ पैलू

टेनिसचे नियम रॅकेटबद्दल फार काटेकोर आहेत. एकूण लांबी २९ इंचांच्या पुढे जाता कामा नये, रुंदी साडेबारा इंचांच्या. तारांचा पट्टा किती लांब आणि किती रुंद असावा, तारा एकमेकींत कशा गुंफाव्यात, हेही लिहून ठेवलेलं आहे. मुठीच्या आकाराचा विषय आला की मात्र नियम गप्प होतात. ती गोल असावी की चौकोनी, जाड की बारीक, सरळ की वाकडी, याचं बंधन नाही. ती एकच असावी असंही नाही. ब्रायन आणि डॅन बॅटिस्टोन हे अमेरिकन भाऊ व्यावसायिक दुहेरीत चक्क दोन मुठींची रॅकेट घेऊन उतरत. एक मूठ उजव्या हातासाठी, एक डाव्यासाठी, म्हणजे बॅकहँड मारायचं कामच उरलं नाही. त्या रॅकेटला रीतसर मान्यता होती.

इतकी मोकळीक असूनही जगातली जवळजवळ प्रत्येक रॅकेट अष्टकोनी मुठीची असते. लाकडी रॅकेटच्या काळात ती तशी होती, पोलादाच्या आणि ॲल्युमिनियमच्या चौकटी आल्या तेव्हा तशीच राहिली, आणि आज कार्बन फायबरच्या जमान्यातही तशीच आहे. मधल्या काळात मुठीच्या बुडाला माशाच्या शेपटीसारखा फुगवटा देऊन पाहिला गेला, पकड बसावी म्हणून लाकडावर बारीक खाचा पाडल्या गेल्या, नंतर चामड्याची पट्टी आली. आठ पैलू मात्र कुणी हलवले नाहीत.

न बघता कळणारी दिशा

कारण त्या पैलूंचं पहिलं काम हाताला माहिती देणं हे आहे. समोरून सर्व्हिस येत असताना रॅकेटचा चेहरा कुठे वळलाय हे खाली बघून तपासायला कुणाला वेळ नसतो. तळहाताखाली कोणता पैलू आला यावरून हात ते ओळखतो. रॅकेट समोर आडवी, चेहरा जमिनीला काटकोनात ठेवून धरली की सर्वांत वरचा पैलू क्रमांक एक, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी तिथून, बुडाकडून पाहता, घड्याळाच्या दिशेने आठपर्यंत मोजणी. तर्जनीच्या बुडाचा सांधा दोन नंबरवर टेकला की कॉन्टिनेन्टल पकड, सर्व्हिस आणि व्हॉलीसाठी. तीनवर ईस्टर्न, चारवर सेमी-वेस्टर्न, पाचवर वेस्टर्न. फोरहँडवरून बॅकहँडवर जाताना खेळाडू मूठ क्षणात फिरवतो, ती या पैलूंच्या भरवशावर.

दुसरं काम अडवण्याचं. चेंडू तारांच्या मधल्या रेषेवर न लागता वर किंवा खाली लागला, की रॅकेट स्वतःच्या लांबीभोवती पिळली जाते. हातातली मूठ फिरू पाहते. नटाला कडा असतात म्हणून पाना घसरत नाही, तसंच इथे मुठीच्या कडा बोटांना अडतात. मूठ पूर्ण गोल असती तर हा सगळा पीळ फक्त घर्षणाने, म्हणजे आवळून धरण्याने, थोपवावा लागला असता. पण ज्या कडा अडतात त्याच टोचतातही, कारण दाब तिथे एकवटतो. तीक्ष्ण कडांनी पकड पक्की होते आणि फोड लवकर येतात. बोथट कडा हाताला मऊ लागतात, पण त्या आवळून धराव्या लागतात. मुठीचा आकार ठरवणारा प्रत्येक कारागीर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी थांबतो.

साइज छापतात, आकार नाही

दुकानात गेलं की विचारणा होते ती साइजची. एल टू की एल थ्री? हे आकडे मुठीच्या घेराचे. आपल्याकडचे सुतार इंचाचे आठ भाग करून त्याला सूत म्हणतात, त्या मापात हे कोष्टक एकदम सोपं आहे. एल शून्य म्हणजे चार इंच, एल वन म्हणजे चार इंच एक सूत, एल टू म्हणजे चार इंच दोन सूत, आणि असंच पुढे. एल टू आणि एल थ्री यांच्या घेरात फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा.

पण एकाच घेराच्या दोन मुठी हातात अगदी वेगळ्या लागू शकतात. घेर तोच ठेवून मूठ चपटी करता येते किंवा चौरसाच्या जवळ नेता येते. हेड कंपनीच्या मुठी परंपरेने जास्त चपट्या. विल्सन आणि बाबोलात यांच्या त्या मानाने चौरस किंवा गोलसर. चपट्या मुठीचे रुंद पैलू तारांच्या पट्ट्याला समांतर असतात. ईस्टर्न पकडीत तळहात नेमका त्या रुंद पैलूवर टेकतो, आधार भरपूर मिळतो, दिशा चटकन कळते. तीच मूठ वेस्टर्न पकडीत धरली की तळहाताखाली अरुंद पैलू येतो आणि बोटांना लांबची बाजू ओलांडून वळसा घालावा लागतो. म्हणजे ज्या आकाराने एकाचा हात सुखावतो, तोच आकार वेगळ्या पकडीच्या दुसऱ्या हाताला अवघडल्यासारखा वाटतो, आणि रॅकेटवर छापलेला आकडा दोघांसाठी एकच असतो.

कोपराची कथा

लॉन टेनिसचं पेटंट मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफिल्ड यांनी १८७४ मध्ये घेतलं. दहाच वर्षांच्या आत, १८८३ साली, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एच. पी. मेजर यांनी ‘लॉन-टेनिस एल्बो’ या नावाने दुखण्याची नोंद केली. मराठी घरांत हे नाव पोचलं ते २००४ मध्ये, आणि टेनिसमुळे नव्हे. सचिन तेंडुलकरचं कोपर दुखावलं, पुढच्या वर्षी लंडनला शस्त्रक्रिया झाली, आणि ‘टेनिस एल्बो’ची चर्चा चहाच्या टपरीवरही होऊ लागली. क्रिकेटची बॅट असो, पाना असो की पिळायचे कपडे, हे दुखणं खेळ बघून येत नाही.

त्याचा धागा थेट मुठीशी आहे. एका हाताची मूठ घट्ट आवळा आणि दुसऱ्या हाताने कोपराच्या खाली, बाहेरच्या बाजूचा स्नायू चाचपा. तो टणक झालेला असतो. बोटं मिटवणारे स्नायू हाताच्या आतल्या बाजूचे. ते ओढतात तेव्हा मनगटही आत वाकू पाहतं. ते वाकू नये म्हणून बाहेरच्या बाजूचे, मनगट मागे ओढणारे स्नायू आपोआप कामाला लागतात. त्यांतला एक, एक्स्टेन्सर कार्पी रेडिॲलिस ब्रेव्हिस, कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला चिकटलेला असतो. टेनिस एल्बो मुख्यतः त्याच्या मुळाशी होतो. म्हणजे आवळण्याची किंमत बोटं देत नाहीत, कोपर देतं.

मग मूठ किती जाड हवी? व्हर्जिनियाचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट नर्श्ल यांनी यासाठी दिलेलं माप आजही वापरात आहे. बोटं सरळ ठेवायची आणि तळहातावरच्या मधल्या रेघेपासून अनामिकेच्या टोकापर्यंतचं अंतर मोजायचं. तो मुठीचा घेर. गणितही याला धरून आहे. मूठ बारीक असेल तर बोटं अक्षाच्या जवळ असतात आणि तोच पीळ थोपवायला जास्त आवळावं लागतं. फार जाड असेल तर बोटं पुरती मिटत नाहीत आणि जोरच लागत नाही.

तर्क सुबक होता. पण २००६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये हॅच आणि सहकाऱ्यांनी तो तपासून निकाल प्रसिद्ध केला. कॉलेज पातळीवरच्या सोळा निरोगी खेळाडूंना एकहाती बॅकहँड मारायला लावला. एकदा नर्श्ल मापाच्या मुठीने, एकदा पाव इंच कमी घेराच्या, एकदा पाव इंच जास्त घेराच्या. हातात बसवलेल्या इलेक्ट्रोडनी स्नायूंचं काम मोजलं. तिन्हीत लक्षणीय फरक आढळला नाही.

यावरून मुठीला काही अर्थ नाही असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. ते खेळाडू सरावलेले होते आणि त्यांचा हात दुखत नव्हता. चेंडू तारांवर सुमारे पाच सहस्रांश सेकंदच टिकतो. तेवढ्या वेळात हात काहीच सुधारू शकत नाही, जे आवळायचं ते आधीच आवळावं लागतं. कसलेला खेळाडू नेमक्या त्या क्षणी आवळतो आणि लगेच सोडतो. नवखा पूर्ण वेळ आवळून ठेवतो, कारण चेंडू कुठे लागेल याचा त्याला भरवसा नसतो. जर्मन संशोधक हेनिग आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मोजलं तेव्हा मध्याबाहेर लागलेल्या फटक्यांत हातापर्यंत पोचणारं कंपन सुमारे तिप्पट निघालं. पीळ तिथेच, कंपनही तिथेच. मुठीचा आकार ज्याला सर्वांत जास्त सांभाळून घेऊ शकतो तो हा नवखा, आणि घेराच्या प्रयोगात तो नव्हताच.

मनगटाच्या दोन बाजू

हात कोणत्या पैलूवर टेकतो, याचा पुरावा त्या मानाने ठळक आहे. इटलीतल्या टालियाफिको आणि सहकाऱ्यांनी ३७० हौशी खेळाडूंचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या ५० जणांना मनगटाची दुखापत होती. ईस्टर्न पकडवाल्यांना बहुतेक करून अंगठ्याकडच्या बाजूला, सेमी-वेस्टर्न आणि वेस्टर्नवाल्यांना करंगळीकडच्या बाजूला. पैलू एकाने पुढे सरकला की दुखण्याची जागा मनगटाच्या दुसऱ्या टोकाला जाते.

हा पैलू गेल्या काही दशकांत पुढे सरकलाच आहे. गुस्ताव्हो कुएर्तेनने १९९७ ची फ्रेंच ओपन जिंकली ती पॉलिएस्टरच्या तारांनी. त्या तारांनी चेंडूला जबर टॉपस्पिन देता येऊ लागला आणि चेंडूखालून वर झटका मारणारी सेमी-वेस्टर्न पकड नेहमीची झाली. या झटक्यात करंगळीकडच्या स्नायुबंधावर आणि त्याच्या आवरणावर ताण येतो. राफाएल नदालने २०१६ ची फ्रेंच ओपन मनगटामुळे अर्धवट सोडली, डॉमिनिक टीमचं मनगट २०२१ मध्ये करंगळीच्या बाजूलाच दुखावलं. नदालची मूठ एल टू, एवढ्या उंच माणसाच्या मानाने बारीक. तरी या दुखापतींचं खापर मुठीवर फोडता येणार नाही. वर्षानुवर्षं रोज काही तास तसे फटके मारणाऱ्या मनगटाला दुसरीही पुष्कळ कारणं असतात.

मुठीच्या बुडाचं तसं नाही. तिथला फुगवटा, ज्याला बट कॅप म्हणतात, रॅकेट हातातून निसटू देत नाही. करंगळीच्या बाजूला, तळहाताच्या टाचेत हॅमेट नावाचं छोटं हाड आहे. त्याला आकड्यासारखा एक काटा असतो आणि अगदी बुडाशी रॅकेट धरणाऱ्याच्या हातात बट कॅप नेमकी त्या काट्यावर टेकते. वारंवारच्या धक्क्यांनी तो मोडू शकतो. गोल्फ आणि बेसबॉल खेळणाऱ्यांतही हे अस्थिभंग दिसतात. शेजारून जाणारी नस दाबली गेली तर करंगळी आणि अनामिका बधिर होतात. साध्या एक्स-रेत हा काटा सहज दिसत नाही, त्यामुळे कित्येकदा दुखणं ‘मुरगळलं असेल’ म्हणून अंगावर काढलं जातं.

मूठ घडते कशी

लाकडी रॅकेटची मूठ रंधा आणि कानस घेऊन तासता येत असे. कार्बन फायबरच्या चौकटीत ही सोय गेली. चौकटीच्या दोन नळ्या खाली येऊन एकमेकींना समांतर राहतात आणि बहुतेक कंपन्या त्यांच्याभोवती साच्यात पॉलियुरेथेनचा फेस ओततात. आठ पैलू त्या फेसाचे असतात. हेडसारख्या कंपनीने तयार घडवलेले दोन तुकडे नळ्यांवर बसवण्याची पद्धत वापरली. मूठ वाढवता येते, कमी करणं अवघड. म्हणून दोन साइजच्या मध्ये अडकलेल्याला बारीक मूठ घ्या असा सल्ला मिळतो.

वाढवण्यातच खरी गडबड होते. गरम केल्यावर आकसणारी नळी मुठीवर चढवली तर पैलू बऱ्यापैकी शाबूत राहतात. ओव्हरग्रिपवर ओव्हरग्रिप, म्हणजे मूळ पट्टीवरची पातळ जादा पट्टी, गुंडाळत गेलं तर प्रत्येक थराबरोबर कडा बुजतात आणि अष्टकोनाचा दंडगोल होतो. घेर बरोबर आला, पण पैलू गेले, की हात पुन्हा आवळू लागतो. चामड्याची पातळ पट्टी कडा स्पष्ट ठेवते, जाड गादीची पट्टी त्या झाकते. म्हणूनच रॉजर फेडरर खाली चामडं आणि वर एकच पातळ ओव्हरग्रिप ठेवत असे, आणि कित्येक व्यावसायिक तसंच करतात. मे महिन्यातल्या मुंबईत घामाने बुळबुळीत झालेली ओव्हरग्रिप वेळेवर बदलणं हा याच हिशोबाचा भाग आहे. घर्षण कमी झालं की आवळणं वाढतं.

रॅकेट घेताना म्हणून घेर मोजून थांबू नये. मूठ हातात धरली की बोटांची टोकं आणि तळहाताची टाच यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी मावावी, ही जुनी कसोटी ठीकच आहे. तिला आणखी दोन जोडाव्यात. डोळे मिटून मूठ फिरवा आणि तुमच्या नेहमीच्या पैलूवर थांबा. चेहरा अपेक्षेप्रमाणे वळलाय का ते मग बघा. आणि नेहमीच्या जागी धरून बट कॅप तळहाताच्या टाचेत टोचते का ते पाहा. आठवडाभर खेळायला उसनी रॅकेट मिळाली तर फारच उत्तम.

जिमखान्यातला प्रत्येक मार्कर, म्हणजे सराव देणारा, नव्या खेळाडूला सांगतो की हात सैल ठेवा. सल्ला बरोबर आहे, पण तो नुसत्या इच्छेने पाळला जात नाही. सैल धरूनही फिरणार नाही असा मुठीवर विश्वास बसला, तरच बोटं सैल होतात. तो विश्वास एल टू की एल थ्री यावर थोडा आणि पैलूंच्या रुंदीवर, कडांच्या धारेवर पुष्कळ अवलंबून असतो. कंपन्या यांतला फक्त पहिला आकडा छापतात. उरलेलं प्रत्येकाच्या हातालाच मोजावं लागतं.