कानडी अक्षरांतले अभंग आणि एक ध्वनिमुद्रण

गंगूबाई हनगल यांच्या अगदी सुरुवातीच्या तबकड्या ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना त्यांवर गंगूबाईंचे नाव सापडत नाही. १९३०च्या दशकाच्या आरंभी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने त्या तबकड्यांवर नाव छापले ते ‘गांधारी’! धारवाडात जन्मलेली, हुबळीत राहणारी, कानडी घरातली ही मुलगी मुंबईला जाऊन तीन-सव्वातीन मिनिटांत राग बसवून आली, पुढे जी. एन. जोशींबरोबर मराठी भावगीतेही गायली. पण तबकडीला तिचे स्वतःचे नाव काही चालले नाही. धारवाड जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यातच होता. गाणे मुद्रित करायचे तर मुंबई, ही येथल्या कलावंतांची सरळ वाट होती. गंगूबाईंचे गुरू सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, कानडी मुलखातले असून मराठी रंगभूमीवर गाजले.

भाषाप्रश्न म्हटला की आपल्याकडे खटले, ठराव आणि पाट्या यांवर पुष्कळ लिहिले जाते. ते लिहिलेच पाहिजे. पण भाषेचा निवाडा ध्वनिमुद्रणाच्या खोलीतही होतो आणि तेथे तारीख पडत नाही. १९९३ साली आमच्या हुबळीच्या भजनी मंडळावर तो प्रसंग आला, त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

कॅसेटच्या एका बाजूला मराठी अभंग, दुसऱ्या बाजूला पुरंदरदासांची कानडी पदे, असा बेत होता. धारवाडातल्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत भिंतींना पोती आणि गाद्या ठोकून स्टुडिओ केला होता. भाडे तासावर. आम्ही नऊजण हुबळीहून वीस किलोमीटर एसटीने, पखवाज मांडीवर घेऊन, नऊच्या ठोक्याला हजर झालो आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. ती येईपर्यंत लाइन बझारातून पेढे आले, गिरमिट आणि मिरची भजी आली. अकराला वीज आली तेव्हा निम्म्या मंडळाच्या गळ्यात पेढा होता आणि उरलेल्यांच्या गळ्यात मिरची.

कॅसेट काढणाऱ्या गृहस्थांनी पुण्याहून एक जाणकार पाहुणे बोलावले होते. शब्दोच्चारांवर लक्ष ठेवणे हे त्यांचे काम. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने हात उंचावला आणि खणखणीत आवाजात म्हटले, “हाड्री!” पाहुणे दचकून उभेच राहिले. कानडीत ‘हाडु’ म्हणजे गाणे आणि ‘हाड्री’ म्हणजे ‘गा हो’, हे त्यांना समजावून देईपर्यंत टेप धावत होती. आम्ही हसतो आहोत, असा पहिला टेक झाला.

दुसऱ्या टेकला टाळांनी घात केला. टाळ एवढे कडाडत होते की मीटरचा काटा तांबड्या पट्टीतून मागे येईना. तिघा टाळकऱ्यांना पडवीत पाठवण्यात आले. दाराची फट तेवढी उघडी ठेवली. त्यांना आत काय चालले आहे ते ऐकू येत नव्हते. खिडकीतून बुवांचा हात दिसे, तो पाहून ते वाजवत. बुवांना हात हलवण्याची सवय नाही. माशी बसली तेव्हा तो हलला आणि बाहेर द्रुत लय सुरू झाली!

तिसरा टेक लोंढ्याकडच्या गाडीच्या शिट्टीने खाल्ला. चौथ्याला पाहुण्यांनी हात वर केला. “बुवा, ‘चोखा’तला च असा नव्हे. चंद्रातला च नको, चांदण्यातला च हवा.”

बुवांची घरची भाषा कानडी. अभंग ते वडिलांकडून शिकले. त्यांनी मान डोलावली आणि पाचव्या टेकला ‘चोखा’ अगदी पुणेरी म्हटला. त्याच ओघात चंद्रभागेलाही चांदण्यातला च लावला. पाहुण्यांनी कपाळावर हात मारला, “आणा ती वही, मी खुणाच करून देतो.”

वही दिली. पाहुण्यांनी ती उघडली, पाने उलटली, चष्मा पुसला आणि गप्प झाले. आमच्याकडच्या कित्येक भजनी वह्यांप्रमाणे तीही होती: अभंग मराठी, अक्षरे कानडी. तुकोबा, नामदेव, चोखोबा सारे त्या वाटोळ्या वळणांत. ज्याची मराठी सुधारायची, त्याची मराठी सुधारणाऱ्यालाच वाचता येईना. पेटीवाले मास्तर हळूच म्हणाले, “सर, देवनागरीत तरी दोन च कुठं आहेत?” पाहुणे माणूस सज्जन, मनापासून हसले. मग मात्र त्यांनी एकेक ओळ बुवांकडून म्हणवून घेऊन स्वतःच्या टिपणवहीत उतरवली. त्यांतली दोन पदे त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. या नादात भाड्याचा एक तास गेला. आमच्या मते दिवसभरातला तोच कारणी लागला.

हेल चुकीचा हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न आम्हांला आजही सुटलेला नाही. प्रमाण उच्चार शिकायला हरकत नसावी. पण ज्या हेलात तीन पिढ्यांनी विठ्ठल आळवला, तो टेपवरून पुसायचा कशासाठी? आता तर आमच्या गावाचे नावही सरकारदप्तरी २०१४पासून ‘हुब्बळ्ळी’ झाले आहे. आम्ही मराठीत हुबळीच म्हणतो आणि कानडी शेजारी त्यावरून भांडत नाहीत.

संध्याकाळी सहाला शेवटचा टेक जमला. शेवटचा विठ्ठल झाला, रेकॉर्डिस्टचा हात बटणाकडे गेला आणि बुवांनी मोठ्याने स्वतःचे नाव सांगून पुढे “हुबळी” असे ठणकावले! ही जुन्या तबकड्यांची रीत. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान गायली, तेव्हापासून गाणे संपताच गायक आपले नाव सांगत. कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोवरला, आणि तेथल्या कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे कळणार कसे? आमची कॅसेट जर्मनीला जाणार नव्हती. पण बुवा म्हणाले, “गंगूबाईंचं नाव बदललं त्या लोकांनी. आमचं आम्ही आतच सांगून ठेवलेलं बरं.”

कॅसेट निघाली तेव्हा वेष्टनावर मंडळाचे नाव होते, गावाचे नव्हते. आतले मात्र राहिले. ‘चोखा’ पुणेरी राहिला, चंद्रभागाही तशीच राहिली आणि टाळ पहिल्यापासून शेवटपर्यंत अर्धी मात्रा मागे आहेत. नव्याने ऐकणारे विचारतात, ही काय खास हुबळीची लय आहे का? आम्ही ‘होय’ म्हणतो. तिघे पडवीत होते, हे कोणाकोणाला सांगत बसायचे?